सॉल्सबरीचा मनोरा आणि नदीतली घोडागाडी

आमच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलामागे कित्येक वर्षे एका जुन्या कॅलेंडरचे पान खिळ्याला लटकत होते. तारखा केव्हाच कापून टाकलेल्या, उरले होते फक्त चित्र. काळेभोर ढग, त्यांत घुसलेला चर्चचा उंच निमुळता मनोरा, वर इंद्रधनुष्य आणि खाली नदीच्या पाण्यातून वाट काढणारी एक घोडागाडी. भिंतीला रंग द्यायचे निघाले तेव्हा शिपाईमामा ते पान रद्दीत टाकायला निघाले होते. आम्ही ते मागून घेतले. चित्राखाली बारीक अक्षरांत छापले होते : जॉन कॉन्स्टेबल, सॉल्सबरी कॅथीड्रल.

चित्रकलेतले आम्हाला काही कळते असा आमचा दावा नाही. बी. कॉम. झालो, जमा-खर्च कळतो. पण टपालाचे शिक्के मारता मारता नजर त्या चित्राकडे जायची आणि दर वेळी मनोऱ्यावर न थांबता त्या गाडीवर थांबायची. एवढे आभाळ भरून आलेले असताना हा गाडीवान पाण्यात गाडी घालून कुठे चालला असेल? कोणाचा माल? मजुरी किती? एवढ्या प्रश्नांपायी आम्ही या चित्रकाराविषयी मिळेल ते वाचू लागलो.

आमची भाची नोकरीनिमित्त लंडनजवळ राहते. चार वर्षे थोडे थोडे साठवून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. राजवाडा, घड्याळाचा मनोरा, नदीवरचे पूल पाहून झाल्यावर तीच म्हणाली, "मामा, तुमचं कॅलेंडरातलं गाव राहिलं की!" वॉटर्लू स्टेशनातून थेट गाडी मिळाली. दीड तासात सॉल्सबरी. कॅलेंडरचे पान आम्ही फायलीत घालून बरोबर नेले होते.

गाव तसे लहान. पण एव्हन, नॅडर, वायली, बोर्न, एबल अशा पाच नद्यांचे पाणी या परिसरात एकत्र येते. गाडीतून उतरण्याआधीच मनोरा दिसतो. उंची 123 मीटर, म्हणजे 404 फूट. तीन मीटरचा एक मजला धरला तर एकेचाळीस मजले. इंग्लंडातल्या चर्चच्या मनोऱ्यांत हा सर्वांत उंच. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे, त्या प्रांतातल्या मुख्य धर्मगुरूचे, चर्च. त्याचा पाया 1220 साली घातला आणि अवघ्या 38 वर्षांत, 1258 साली, मुख्य इमारत उभी राहिली. मनोरा त्यावर पुढच्या शतकात चढवला. त्याने सुमारे साडेसहा हजार टनांचा भार वाढला आणि पाया मात्र खडीवर जेमतेम चार फूट खोल! आत उभे राहून वर पाहिले की भाराने किंचित वाकलेले दगडी खांब साध्या डोळ्यांना दिसतात. दगड आला चिल्मार्कच्या खाणीतून, सुमारे वीस किलोमीटरवरून. बिशपांची नावे कोरलेली सापडतात. दगड वाहणाऱ्यांची सापडत नाहीत.

कॅथीड्रलच्या एका दालनात 1215 सालच्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्रजांच्या मोठ्या सनदेची, मूळ प्रत आहे. त्या सालच्या चारच प्रती जगात उरल्या आहेत, त्यांतली ही एक. राजालाही कायदा लागू आहे हे तत्त्व या कातड्यावर लिहिले गेले, म्हणून तिचे मोल मोठे. पण तिच्यातले बरेचसे हक्क 'स्वतंत्र माणसा'साठी होते आणि त्या वेळी इंग्लंडातले असंख्य शेतकरी जमीनदाराला बांधलेले होते. सनद झाली तरी त्यांच्यापर्यंत पोहोचायला शतके गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण चित्रकाराकडे वळू.

जॉन कॉन्स्टेबल 1776 साली सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट गावी जन्मला. वडील पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांचे मालक, धान्याचे व्यापारी. मुलाने धंदा सांभाळावा ही त्यांची इच्छा. मुलाने काही काळ चक्कीवर कामही केले. पवनचक्कीवाल्याला आभाळ वाचता यावे लागते. वारा कुठून येणार, ढग कोणता बरसणार हे कळले नाही तर नुकसान होते. ते शिक्षण त्याला जन्मभर पुरले. त्या काळी मान होता राजे, देवदेवता आणि लढायांच्या चित्रांना. हा रंगवायचा चक्की, कालव्यातली नाव, चिखलातली गाडी, कुजके खांब. त्यामुळे ग्राहक थोडे.

सॉल्सबरीला तो पहिल्यांदा आला 1811 साली, तिथल्या बिशपच्या निमंत्रणावरून. बिशपचे नाव जॉन फिशर आणि त्यांच्या पुतण्याचे नावही जॉन फिशर. पुतण्या चित्रकारापेक्षा बारा वर्षांनी लहान, तोही धर्मगुरू. या दोघांची अशी मैत्री जमली की ती शेवटपर्यंत टिकली. 1816 साली कॉन्स्टेबलचे लग्न मारिया बिकनेल हिच्याशी लागले, तेही याच मित्राने लावले. मुलगी वजनदार घरची, आजोबा गावचे धर्मगुरू. चक्कीवाल्याचा पोर, तोही चित्रे काढणारा, त्यांना पसंत नव्हता. दोघे सात वर्षे थांबली, पण एकमेकांना सोडले नाही. 1819 साली 'पांढरा घोडा' हे मोठे चित्र फिशरनेच 100 गिनीला विकत घेतले. मित्राचा हात पाठीवर नसता तर हा माणूस उभा राहता ना.

1820 पासून कॉन्स्टेबल मुलाबाळांसह सॉल्सबरीला येऊ लागला. कॅथीड्रलभोवती तटबंदीचे मोठे आवार आहे. त्या तटाला जुन्या पडक्या चर्चचे दगड वापरले, त्यांवरचे नक्षीकाम अजून दिसते. तटाचे दरवाजे आजही रात्री बंद होतात. याच आवारात फिशरचे 'लेडनहॉल' नावाचे घर. तिथून चित्रकाराने कॅथीड्रल नाना बाजूंनी रंगवले : झाडांतून, नदीपलीकडून, कुरणातून.

बिशपसाहेबांनी आपल्या बागेतून दिसणारे दृश्य काढायला सांगितले. ते चित्र 1823 साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागले. दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, मधोमध उन्हात न्हालेले कॅथीड्रल, पुढे पाण्यावर आलेल्या गाई आणि डाव्या कोपऱ्यात खुद्द बिशप, काठीने पत्नीला मनोरा दाखवताना. सगळे उत्तम. पण मनोऱ्यामागे एक काळसर ढग होता, तो साहेबांना खटकला. आपल्या चर्चवर आभाळ स्वच्छ निळे हवे! कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. काम नीट झाले, तरी साहेबांची एक दुरुस्ती असतेच.

चित्रकाराला ती सोसणे जड गेले असणार. कारण आभाळ ही त्याच्या लेखी चित्राच्या मागे टांगलेली चादर नव्हती. 1821 आणि 1822 साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून त्याने ढगांची कितीतरी चित्रे काढली होती आणि पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा अशी नोंद केली होती. आमच्या आवक रजिस्टरासारखीच शिस्त! तरीही त्याने ढग काढून टाकलेले दुसरे चित्र करायला घेतले. ते पुरे होण्याआधी, 1825 साली, बिशप वारले. ढगाचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि निरभ्र आभाळाचे न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात.

ढग पुढे त्याच्या घरावरच आले. मारियाला क्षय होता. 1828 साली तिच्या वडिलांकडून वीस हजार पौंडांचा वारसा आला, जन्मभराची ओढाताण संपली, आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला ती गेली. पदरी सात मुले. थोरला अकराचाही नव्हता, धाकटा वर्षाचाही झाला नव्हता. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1829 मध्ये, रॉयल अकादमीने त्याला पूर्ण सभासद करून घेतले, तेही एका मताच्या फरकाने. वय 52. ज्या माणसाला पहिल्यांदा ही बातमी सांगायची ते माणूस घरात नव्हते.

मित्राने त्याला सॉल्सबरीला बोलावून घेतले. कॅथीड्रल ढगाखाली असे मोठे चित्र काढ, असे त्यानेच सुचवले. कॉन्स्टेबल 1829 सालात दोनदा येऊन गेला आणि 1831 च्या प्रदर्शनात चित्र लागले : 'कुरणातून दिसणारे सॉल्सबरी कॅथीड्रल'. आमच्या कॅलेंडरवरचे ते हेच. रुंदी सुमारे सहा फूट. समीक्षकांनी नावे ठेवली. त्याच्या चित्रांत ओल्या पानांची चमक दाखवणारे पांढरे ठिपके असत, त्यांची तर टिंगल व्हायची. चित्र त्याच्या हयातीत विकले गेले नाही. त्याला मात्र ते आपले सर्वांत मोठे काम वाटे आणि तो ते पुन्हा पुन्हा रंगवत राही.

गावातून बाहेर पडणाऱ्या पायवाटेने आम्ही कुरणात गेलो. फायलीतून पान काढले आणि समोर धरले. झाडे बदलली आहेत, जागा हुबेहूब जुळत नाही. पण मनोरा तोच. पाऊस भुरभुरत होता, मेंढ्या चरत होत्या. चित्रात मनोऱ्याच्या अंगावर ढग कोसळलेत, छपराजवळ वीज लवते आहे आणि इंद्रधनुष्याचे टोक बरोबर फिशरच्या घराच्या दिशेला टेकले आहे. हवामानाच्या जाणकारांचे म्हणणे असे की त्या उजेडात त्या जागी असे धनुष्य पडणार नाही. ढगांची तारीख-वार नोंद ठेवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल काय? आमच्या मते त्याने ते जाणून काढले. सारे अंधारले तरी मित्राच्या दारी उजेड आहे, एवढेच त्याला सांगायचे असावे. तोही मित्र 1832 साली वारला.

चित्रकाराचे दुःख आम्हाला इथे कळले. पण ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो तो गाडीवान अजून पाण्यातच उभा होता.

ही कुरणे म्हणजे निसर्गाने आपोआप केलेली हिरवळ नव्हे. नदीचे पाणी पाटांनी आणून, सरी-वरंब्यांसारख्या आखणीवरून पातळ थरात सतत वाहते ठेवायचे अशी ती व्यवस्था. खडूच्या डोंगरातून येणारे हे पाणी हिवाळ्यातही फार थंड होत नाही. ते वाहते राहिले की दहिवराने गवत करपत नाही आणि इतर रानांच्या आधी चारा तयार होतो. त्यावर दिवसा मेंढ्या चारायच्या आणि रात्री त्या धान्याच्या शेतात नेऊन बसवायच्या, म्हणजे खत मिळते. आपल्याकडे धनगरांची मेंढरे शेतात बसवतात तोच हिशोब. पाणी फिरवणारा माणूस आपल्या पाटकऱ्यासारखा, थंडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून दारे उघडणारा. चित्रातला प्रत्येक हिरवा फटकारा अशा कोणाच्या तरी कष्टाचा आहे.

आणि त्या कष्टाचे मोल काय होते? 1830 च्या सुमारास या विल्टशायर परगण्यात शेतमजुराला आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळत. आम्ही कागदावर हिशोब मांडला. फिशरने 'पांढरा घोडा' घेतला 100 गिनीला, म्हणजे 105 पौंडांना, म्हणजे 2100 शिलिंगांना. आठ शिलिंगांच्या मजुराची ती 262 आठवड्यांची, पाच वर्षांची कमाई! त्यात मळणीची यंत्रे आली आणि हिवाळ्यातले मळणीचे कामही गेले. 1830 च्या शरद ऋतूत दक्षिण इंग्लंडातले मजूर उठले. मागणी होती दिवसाला दोन शिलिंगांची. यंत्रे फोडली, गंजी पेटल्या. 25 नोव्हेंबर 1830 रोजी सॉल्सबरीच्या पश्चिमेला पाइटहाउस येथे घोडदळ आणि मजूर यांची गाठ पडली. एक मजूर ठार झाला. जानेवारी 1831 मध्ये सॉल्सबरीतच खास न्यायालय बसले. या एका परगण्यातून शंभरावर माणसे ऑस्ट्रेलियाच्या बाजूला हद्दपार झाली. साऱ्या देशात मिळून 19 जणांना फाशी आणि सुमारे 500 जणांना हद्दपारी. मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय झाले असेल ते ज्याने त्याने समजून घ्यावे.

तारखा पाहा. जानेवारीत याच गावात या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनात हे चित्र लागले. चित्रात वीज आहे, ती चर्चवर आहे. खरा गडगडाट कुरणात काम करणाऱ्यांच्या घरात होता. तो चित्रात नाही.

चित्रकाराला हे माहीत नव्हते असे नाही. पण त्याची बाजू दुसरी होती. जुने चर्च, जुनी व्यवस्था टिकावी असे त्याला आणि फिशरला वाटे. मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकाचा त्याने धसका घेतला होता. सत्ता हलक्या लोकांच्या हाती जाईल ही भीती. आता या जुन्या व्यवस्थेचा नमुना पाहायचा तर सॉल्सबरीच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर ओल्ड सेरम नावाची टेकडी आहे. मूळ गाव, किल्ला आणि पहिले कॅथीड्रल तिथेच होते. पाण्याची टंचाई, वारा आणि किल्ल्यातल्या शिपायांशी भांडणे यांना कंटाळून चर्चवाले तेराव्या शतकात खाली नदीकाठी आले. वरचे गाव हळूहळू ओस पडले. उरले मातीचे तट आणि गवत. पण या ओसाड टेकडीतून पार्लमेंटवर दोन सभासद निवडून जात होते! मतदार मूठभर, मालक म्हणेल त्याला मत देणारे. मँचेस्टरसारख्या लाखाच्या वर वस्तीच्या गिरणी-शहराला मात्र एकही सभासद नाही.

या टेकडीचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. सतराव्या शतकाच्या शेवटी ती विकत घेतली टॉमस पिट याने. हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा केलेला हा माणूस पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. तिथे त्याने गोवळकोंड्याच्या मुलखातला प्रचंड हिरा मिळवला, तो फ्रान्सला विकला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इथल्या व्यापाराच्या पैशावर तिथल्या पार्लमेंटच्या दोन जागा घरात आल्या. त्याचा नातू विल्यम पिट याच टेकडीचा सभासद म्हणून पार्लमेंटमध्ये शिरला आणि पुढे पंतप्रधान झाला. जून 1832 मध्ये सुधारणा कायदा मंजूर झाला आणि ओल्ड सेरमच्या दोन्ही जागा गेल्या. मजुराला मत तेव्हाही मिळाले नाही, पण दार किलकिले झाले. कॉन्स्टेबलने ही टेकडीही रंगवली. 1834 साली प्रदर्शनात लागलेल्या त्या जलरंगात उघडे माळरान आहे, वर वादळी आभाळ. वैभव कसे मातीला मिळते हे त्याने दाखवले. ते वैभव कोणाचे होते, हे त्याने विचारले नाही.

मग अशा माणसाचे चित्र आपण का पाहावे? आमच्या पत्नीने कुरणात उभे राहून हाच प्रश्न केला. आम्ही पानाकडे बोट दाखवले. "त्याची मतं काहीही असोत," आम्ही म्हणालो, "त्याच्या हाताने गाडीवानाला पुसलं नाही." बिशपची काठी ज्या मनोऱ्याकडे होती तो मनोरा मागे राहिला आहे आणि सर्वांत पुढे, आपल्या अगदी जवळ, पाण्यात राबणारे घोडे आणि माणूस आहे. चक्कीवर वाढलेल्या डोळ्यांना तो दिसलाच. त्याचे पोट रिकामे होते का, हे मात्र चित्रातून कळत नाही. ते इतिहासातून शोधावे लागते. चित्र आणि इतिहास शेजारी शेजारी ठेवले म्हणजे हिशोब जुळतो.

स्वतःच्या कामाबद्दल तो ताठ होता, हेही सांगितले पाहिजे. 1830 साली सॉल्सबरीच्या कुरणांचे त्याचे एक छोटे चित्र चुकून बाहेरच्यांच्या चित्रांत मिसळून निवड समितीसमोर आले. समितीत तो स्वतः बसलेला. सभासदांनी नाव न बघता चित्राची हेटाळणी केली आणि नापास केले. मग त्याने सांगितले, हे माझे आहे. सगळे ओशाळले, लावू म्हणाले. तो म्हणाला, नाही, तुम्ही नापास केले ते केले. नाव कळल्यावर मिळणारा मान त्याने घेतला नाही. आज ते चित्रही लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे.

आणि ते मोठे, न विकलेले चित्र? 2013 साली टेट या संस्थेने ते 23.1 दशलक्ष पौंडांना, म्हणजे दोन कोटी एकतीस लाख पौंडांना, देशासाठी विकत घेतले. त्यात लॉटरीतून उभ्या राहणाऱ्या सार्वजनिक निधीचा मोठा वाटा होता, म्हणजे साध्या माणसांनी तिकिटांपायी मोजलेली चिल्लर. मग इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडातली संग्रहालये जोडून घेऊन ते गावोगाव फिरवले गेले. सॉल्सबरीलाही ते येऊन गेले. ज्या कुरणात गाडीवानाचे वंशज आज फिरायला येतात, तिथल्या माणसांनी ते समोर उभे राहून पाहिले. आठवड्याला आठ शिलिंग कमावणाऱ्याला जे परवडले नसते, ते आज सर्वांच्या मालकीचे आहे. आमच्या हिशोबाने या प्रवासातली ही जमेची सर्वांत मोठी रक्कम.

संध्याकाळी परतताना ऊन पडले. इंद्रधनुष्य काही उगवले नाही. भाचीने गाडीत विचारले, "मामा, मग सापडला का तुमचा गाडीवान?" आम्ही म्हणालो, नाव नाही सापडले, मजुरी सापडली.

कॅलेंडरचे ते पान आता आमच्या घरी, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर लावले आहे. घरी येणाऱ्या पोरांना आम्ही आधी मनोरा मोजायला लावतो, मग ढग. शेवटी विचारतो, गाडीत काय असेल? दर पोराचे उत्तर वेगळे असते. एकाने सांगितले, "काका, गाडी रिकामी आहे. तो माल टाकून घरी चाललाय, पाऊस यायच्या आत." आम्हाला ते उत्तर आवडले. आपल्याही घरात एखादे जुने कॅलेंडर असेल, तर रद्दीत टाकण्यापूर्वी मुलांना एकदा विचारून पाहा.